सायकल जागेवर उभी राहते तेव्हा: ट्रेनरची पहिली ओळख

पाऊस लागला की ठाण्या-डोंबिवलीकडच्या सायकलवाल्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो: ट्रेनर, म्हणजे सायकल घरात जागेवर उभी करून चालवायचं यंत्र, कुठला घेऊ? घोडबंदर रोडवरचे खड्डे पाण्याखाली दिसेनासे होतात, येऊरच्या चढावर शेवाळ धरतं आणि पहाटे साडेपाचच्या अंधारात मागून येणाऱ्या टँकरला आपण दिसतोय की नाही, याचा भरवसा नसतो. मे महिन्यापर्यंत कमावलेला दम चार महिन्यांत घालवायचा नसेल तर घरात सायकल चालवणं हा फार चांगला मार्ग आहे. गेले काही पावसाळे मी तेच करते आहे. पण यंत्र कुठलं घ्यायचं हा प्रश्न थोडा पुढचा आहे. रस्ता आपल्याला काय काय फुकट देत होता आणि सायकल जागेवर उभी केली की त्यातलं काय बंद होतं, हे आधी समजलं पाहिजे. ट्रेनरवर येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथेच सापडतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वारा.

आपलं शरीर काही फार काटकसरी इंजिन नाही. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण 20 ते 25 टक्केच पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते. पेडलवर 150 वॉटची ताकद लावली, म्हणजे मध्यम मेहनत केली, तर शरीरात 500 वॉटच्या आसपास उष्णता तयार होत असते. घरातली साधी इस्त्री 750 ते 1000 वॉटची असते, त्यावरून अंदाज येईल. ही उष्णता बाहेर टाकण्याचं मुख्य साधन घाम. त्यातही शरीर थंड होतं ते घाम वाळल्यावर. जमिनीवर ठिबकून गेलेला घाम वाया गेला. 500 वॉट उष्णता तासभर फक्त घामावर बाहेर टाकायची तर जवळपास पाऊण लिटर घाम पूर्णपणे वाळायला हवा.

रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरने जाताना समोरून तेवढ्याच वेगाचा वारा अंगावर येतो आणि घाम येतो तसा वाळतो. बंद खोलीत आपल्याभोवतीची हवा हलत नाही, ती ओलसर होऊन तिथेच राहते. जुलैमधल्या ठाण्याच्या किंवा रत्नागिरीच्या हवेत आधीच एवढी वाफ असते की दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत. मग अंगावरचा घाम कुठून वाळणार? शरीर गरम होत जातं, थंड होण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावं लागतं आणि तेवढीच मेहनत करायला हृदय जास्त वेगाने धडधडतं. दहाव्या मिनिटाला 130 असलेले ठोके चाळिसाव्या मिनिटाला 150 दिसतात, पाय मात्र तेच काम करत असतात. नवीन माणसाला वाटतं, आपला दमच गेला. दम तिथेच आहे, वारा नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: ट्रेनरच्या आधी पंखा. छताचा पंखा पुरत नाही, कारण त्याचा झोत डोक्यावर आणि पाठीवर पडतो. समोरून छाती-पोटावर झोत देणारा उभा पंखा हवा, दोन असले तर उत्तम. खिडकी उघडी ठेवा. आपण पेडलवर लावलेली ताकदही शेवटी ट्रेनरमध्ये उष्णता होऊन त्याच खोलीत राहते, तिलाही बाहेर जायला वाट हवी. पहिल्या पावसाळ्यात मी दार-खिडक्या लावून बसले होते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पंचविसाव्या मिनिटाला डोळ्यांपुढे अंधारी आली. ती चूक कुणीही करू नये, म्हणून एवढं लांबवून लिहिते आहे.

किती पाणी गेलं हे मोजायची सोपी रीत आहे. सुरुवातीला आणि शेवटी, अंग पुसून, वजन करा. मध्ये प्यायलेलं पाणी धरून जेवढे किलो कमी झाले, साधारण तेवढे लिटर घाम गेला. तासाभराच्या आतल्या सरावाला पाणी पुरतं. घाम फार जात असेल किंवा वेळ वाढवली असेल तर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम सरबत बाटलीत असू द्या.

रस्ता देतो ती दुसरी गोष्ट म्हणजे गतीचा साठा. सायकल आणि माणूस मिळून 80 किलो वजन ताशी 27 किलोमीटरने जात असेल तर त्यात सुमारे 2250 जूल ऊर्जा साठलेली असते. 150 वॉटने पंधरा सेकंद पेडल मारून मिळेल एवढी ही ऊर्जा. पेडल क्षणभर थांबवलं तरी सायकल पुढे जाते ती या साठ्यावर. ट्रेनरमध्ये त्याची नक्कल करायला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं. ते जितकं जड किंवा जितकं वेगाने फिरणारं, तितकं पेडल मारणं रस्त्यासारखं गोल आणि सलग लागतं. हलक्या फ्लायव्हीलवर पाय दर फेऱ्याला अडखळल्यासारखा वाटतो. स्वस्त आणि महाग ट्रेनरमधला पायाला जाणवणारा मुख्य फरक हा आहे.

आता यंत्रांकडे. रोलर म्हणजे तीन दंडगोल, त्यांवर सायकल मोकळी चालवायची. तोल आपणच सांभाळायचा. सुंदर साधन आहे, ट्रॅकवरचे स्पर्धक शर्यतीआधी अंग गरम करायला वापरतात, पण सुरुवात त्याने करू नका. जिममधली स्पिन बाइक ही वेगळी वस्तू, तिला आपली सायकल लागत नाही. राहिले दोन प्रकार. ‘व्हील-ऑन’मध्ये मागचं चाक जागेवरच राहतं, एक्सल, म्हणजे चाकाचा आस, दोन कपांत पकडला जातो आणि टायर एका छोट्या रोलरला घासून फिरतो. ‘डायरेक्ट ड्राइव्ह’मध्ये मागचं चाक काढून ठेवायचं आणि सायकल सरळ ट्रेनरवर चढवायची. तिथे ट्रेनरचीच कॅसेट, म्हणजे गिअरच्या दातेरी चक्रांचा संच, असते आणि आपली चेन तिच्यावर बसते.

अडथळा कसा तयार होतो हे पाहण्यासारखं आहे. पंख्याच्या ट्रेनरमध्ये रोलरला पाती जोडलेली असतात. रचना साधी, पण आवाज फार. चुंबकाच्या ट्रेनरमध्ये धातूची चकती चुंबकांजवळून फिरते. फिरताना तिच्यात भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह तयार होतात आणि ते चकतीच्या गतीलाच विरोध करतात. कशाचाही स्पर्श नाही, तरी ब्रेक लागतो. आपल्या घरातल्या जुन्या वीजमीटरमधली ती चांदीसारखी फिरणारी चकती आठवते? तिला आवर घालणारा चुंबक याच तत्त्वावर काम करायचा. फ्लुइड ट्रेनरमध्ये तेलासारख्या द्रवात पाती फिरतात. वेग वाढला की अडथळा झपाट्याने वाढतो, रस्त्यावर वाऱ्याचा वाढतो तसा, म्हणून तो नैसर्गिक वाटतो. द्रव गरम झाला की अडथळा थोडा बदलतो, त्यामुळे पहिली दहा मिनिटं गेल्याशिवाय त्याच्या आकड्यांवर विसंबू नये. स्मार्ट ट्रेनरमध्ये बहुधा विजेवर चालणारे चुंबक असतात. विद्युतप्रवाह कमीजास्त करून फोन किंवा लॅपटॉपवरचं ॲप स्वतः अडथळा बदलतं. पडद्यावर चढ आला की पायाला चढ लागतो.

खरेदीच्या वेळी सगळ्यात जास्त फसगत होते ती सायकल आणि ट्रेनर एकमेकांना न जुळल्यामुळे. म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्या सायकलीच्या मागच्या चाकाकडे नीट पाहा. चाक नटांनी कसलेलं आहे, की हाताने उघडणाऱ्या क्विक रिलीजच्या दांडीने, की आरपार जाणाऱ्या जाड थ्रू-एक्सलने? क्विक रिलीज असेल तर मागच्या काट्याची आतली रुंदी रोड सायकलला 130 मिलिमीटर आणि हायब्रिड किंवा डोंगरी सायकलला (एमटीबी) 135 मिलिमीटर असते. थ्रू-एक्सल असेल तर बहुतेकदा 142 किंवा 148. ट्रेनरबरोबर कोणते ॲडॅप्टर मिळतात ते विचारा. मागे किती गिअर आहेत तेही मोजा. आपल्याकडच्या बऱ्याच सुरुवातीच्या हायब्रिड सायकलींना सात गिअरचं, हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आटे पिळून बसवलेलं फ्रीव्हील असतं आणि चाक नटांचं असतं. अशी सायकल डायरेक्ट ड्राइव्हवर थेट चढत नाही. तिच्यासाठी व्हील-ऑन बरा, तोही कपांत बसतील असे खास नट लावून. आठ, नऊ, दहा गिअरवाल्यांनी तेवढ्याच गिअरची कॅसेट ट्रेनरवर बसवून घ्यावी. अकरा गिअरच्या बॉडीवर, म्हणजे कॅसेट ज्यावर सरकवतात त्या नळीवर, ती बसवताना 1.85 मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे पातळ कडी, लागतो, तो राहिला तर कॅसेट डुगडुगते. 2023 पासून काही ट्रेनर ‘झ्विफ्ट कॉग’ या एकाच दातेरी चक्रावर येतात (झ्विफ्ट हे घरात सायकल चालवण्यासाठीचं ॲप). त्यावर आठपासून बारा गिअरपर्यंतच्या सायकली चालतात, कारण गिअर बदलायचं काम ट्रेनरच्या आत होतं. घरात दोघं वेगवेगळ्या सायकली चालवणार असतील तर ही सोय मोठी आहे.

फ्रेम कार्बनची असेल तर ती ट्रेनरवर लावायला कंपनीची परवानगी आहे का, हे सायकलीच्या माहितीपत्रकात वाचून घ्या.

पैशाचं म्हणाल तर साधा चुंबकाचा ट्रेनर काही हजारांत येतो आणि चांगला डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनर एका बऱ्यापैकी सायकलीच्या किमतीत जातो. आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास, एवढंच करायचं असेल तर साध्या ट्रेनरने मुळीच काही अडत नाही, असं माझं ठाम मत आहे. वापरलेला घेणार असाल तर आपली सायकल लावून दहा मिनिटं चालवून पाहा. खरखर, लटपट किंवा द्रव गळल्याचा डाग दिसला तर सोडून द्या.

व्हील-ऑनला टायरची काळजी लागते. खडबडीत एमटीबी टायर रोलरवर थरथरतो आणि विमानासारखा आवाज करतो, गुळगुळीत टायर लावा. साधा टायर गरम होऊन लवकर झिजतो, काळी पूड जमिनीवर पडते, म्हणून कडक रबराचा खास ट्रेनर टायर मिळतो. दर वेळी हवेचा दाब तोच ठेवा आणि रोलर तेवढाच घट्ट दाबा, नाहीतर कालचं आणि आजचं श्रम सारखं असूनही आकडे वेगळे येतील. मागचं चाक थोडं उचललं जातं, म्हणून पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवून सायकल सपाट करा. ठोकळा नसेल तर सगळं वजन मनगटांवर येतं. डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांची एक खास चूक सांगते: डिस्क ब्रेकची सायकल, चाक काढलेलं, आणि सवयीने ब्रेकचा लिव्हर दाबला. मधे डिस्क नसल्यामुळे पिस्टन बाहेर येतात आणि पॅड चिकटून बसतात. चाक काढल्याबरोबर पॅडच्या मधे प्लास्टिकचा स्पेसर सरकवा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खालच्या घराचा विचार आधी करावा. कानाला येतो तो आवाज वेगळा आणि स्लॅबमधून उतरते ती घुमघुम वेगळी. आपल्याला वरती शांत वाटतं, खाली मात्र कुणीतरी गिरणी लावल्यासारखं ऐकू येतं. जाड रबरी चटई घाला, ट्रेनर भिंतीपासून दूर आणि शक्य तर बीमच्या जवळ ठेवा, तिथे जमीन कमी हलते. आणि सुरू करण्याआधी खाली जाऊन बोला. माझ्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, सकाळी सहाला नको, सातनंतर खुशाल. आमचं तेवढ्यावर भागलं.

आता बसायचं. सीटची उंची रस्त्यावर होती तीच ठेवा. रस्त्यावर सायकल अंगाखाली थोडी डुलते, वळण येतं, खड्ड्यावर आपण सीटवरून उठतो, सिग्नलला थांबतो. बूड आणि कंबर यांना असा सतत विसावा मिळत असतो. ट्रेनरवर सायकल घट्ट पकडलेली असते, त्यामुळे विसाव्या मिनिटाला बूड बधिर होतं. दर सात-आठ मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पेडल मारा. पॅडची सायकलिंगची चड्डी घरातही घाला.

पहिले दोन आठवडे आकड्यांच्या मागे लागू नका. अर्धा तास पुरे: दहा मिनिटं हलकं, मग चार मिनिटं जरा जोरात आणि तीन मिनिटं हलकं असं दोनदा, शेवटी सहा मिनिटं अगदी सावकाश. जोर किती हे बोलण्यावरून ठरवा. हलकं म्हणजे पूर्ण वाक्यं बोलता येतील. जरा जोरात म्हणजे चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागेल. पाय मिनिटाला 80 ते 90 फेरे मारू द्या. सुरुवातीला सगळे जड गिअर टाकून 60 वर चालवतात आणि गुडघे दुखवून घेतात. आठवड्यात तीन दिवस, मधे एक दिवस मोकळा. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा बऱ्याच वर्षांनी व्यायाम सुरू करत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. चक्कर, छातीत दडपण, थंडी वाजल्यासारखं वाटलं तर लगेच उतरा.

वॉटचं प्रकरण यानंतर. वॉट म्हणजे आपण पेडलवर किती जोर आणि किती वेगाने लावतो त्याचं माप. हृदयाचे ठोके उकाड्याने, झोपेने, चहाने बदलतात. 150 वॉट मात्र आजही 150 आणि उद्याही 150. साध्या ट्रेनरवरही त्याचा अंदाज मिळतो: कंपनीने वेग आणि अडथळा यांचं कोष्टक दिलेलं असेल तर मागच्या चाकाला वेगाचा सेन्सर लावून ॲप वॉट काढतं. एफटीपी हा शब्द सारखा कानावर येईल. साधारण तासभर टिकवता येईल अशी जास्तीत जास्त ताकद, असा त्याचा ढोबळ अर्थ. ती काढायला पूर्ण ताकदीने वीस मिनिटं चालवून सरासरीचे 95 टक्के घेतात. सरासरी 160 आली तर एफटीपी 152. दुसऱ्या रीतीत दर मिनिटाला अडथळा वाढवत पाय थकेपर्यंत जायचं आणि सगळ्यात चांगल्या मिनिटाचे 75 टक्के घ्यायचे. मला ही दुसरी रीत नवख्यांसाठी बरी वाटते, कारण वीस मिनिटं ताकद कशी पुरवायची हे सुरुवातीला कुणालाच जमत नाही. महिनाभर चालवल्यावर चाचणी करा, पंखा लावून, आणि पुढच्या वेळी त्याच खोलीत, त्याच पंख्याने.

ॲप घ्यायलाच हवं असं नाही. पण एकट्याने भिंतीकडे बघत चालवणं बऱ्याच जणांना जमत नाही, त्यांना झ्विफ्टसारखं पडद्यावरचं जग उपयोगी पडतं. त्याला महिन्याची वर्गणी आहे. मायवूश हे तसंच ॲप फुकट आहे. ट्रेनर ब्लूटूथने जोडताना तो सापडत नसेल तर बहुतेक वेळा तो आधीच फोनमधल्या दुसऱ्या ॲपला जोडलेला असतो. फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि लॅपटॉपवर पुन्हा शोधा.

स्मार्ट ट्रेनरवरचा अर्ग मोड समजून वापरावा. यात आपण 180 वॉट ठरवले की गिअर कुठलाही असो, ट्रेनर तेवढेच वॉट करून घेतो. ताकद म्हणजे जोर गुणिले फेरे. फेरे 90 वरून 45 वर आले तर त्याच 180 वॉटसाठी जोर दुप्पट लावावा लागतो. पाय जड होतात, फेरे आणखी घटतात, जोर आणखी वाढतो आणि शेवटी पेडल दगडासारखं थांबतं. अशा वेळी झगडू नका. लक्ष्य खाली आणा किंवा मोड बंद करा, फेरे वाढवा आणि पुन्हा सुरू करा. अवघड टप्पा येण्याच्या तीन-चार सेकंद आधी पाय थोडे जलद केले तर ही वेळच येत नाही. पावसात लाइट जाते तेव्हा अडथळा अचानक ढिला पडतो आणि पंखाही बंद होतो. तेवढ्यावर थांबा, उतरा.

या सगळ्यात रस्त्याची काही कौशल्यं मात्र शिकता येत नाहीत: तोल, वळण, ब्रेक, माणसांच्या घोळक्यात चालवणं. डिसेंबर 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने पहिली आभासी जागतिक स्पर्धा झ्विफ्टवर घेतली. तिच्यात पुरुषांमध्ये जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न जिंकला. तो नौकानयनपटू होता आणि पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने नौकानयनात रौप्य मिळवलं. ट्रेनर पाय आणि फुप्फुसं किती घडवू शकतो हे त्यातून कळतं. आणि पावसाळाभर घरात तयार झालेल्या माणसाने रस्त्यावर पहिल्या दिवशी का जपून राहावं, तेही.

उतरल्यावर सायकल पुसा. घामातलं मीठ हँडलच्या टेपखाली साचून ॲल्युमिनियम खातं, बोल्ट गंजवतं. हँडल आणि वरच्या नळीवर चालवताना टॉवेल टाका, आणि महिन्यातून एकदा चेन पुसून तेल द्या. घरात धूळ नसली तरी चेन कोरडी पडते.

ऑक्टोबरात ऊन पडून रस्ते सुकले की बाहेर काढण्याआधी ट्रेनर टायर उतरवून साधा टायर लावा, कारण ते कडक रबर डांबरावर नीट पकड घेत नाही. ट्रेनरवर लावण्यासाठी एक्सलची दांडी बदलली असेल तर ती काढून सायकलीची मूळ दांडी कसा. डिस्क असेल तर स्पेसर काढून चाक बसवा, लिव्हर चार-पाच वेळा दाबून ब्रेक लागतो का पाहा. मग गल्लीतच दोन फेऱ्या मारा, वळणं घ्या, एकदा जोरात ब्रेक मारून बघा, आणि येऊर दुसऱ्या दिवशी.